हेतुदर्शक 'टू' : एका चारकलमी नियमाचा प्रतिवाद

इंग्रजीत क्रियेचा हेतू कसा सांगावा, याविषयीचा एक नियम शिकवणीच्या चित्रफितींतून आणि एकमेकांना पाठवल्या जाणाऱ्या संदेशांतून बराच फिरतो आहे. त्याची कलमे चार आहेत. मराठीत '-ण्यासाठी' आले की इंग्रजीत 'टू' आणि त्यापुढे क्रियापदाचे मूळ रूप ठेवावे. 'फॉर'नंतर आयएनजी रूप कधीही वापरू नये. नकार हवा असेल तर 'टू'च्या आधी 'नॉट' घालावे. आणि 'इन ऑर्डर टू' हे निव्वळ पाल्हाळ समजून टाळावे. पहिले कलम बहुतांशी खरे आहे, आणि बहुधा त्याच्याच आधारावर उरलेली तीन कलमे तपासल्याविना स्वीकारली जातात.

'शी वेंट आउट टू बाय ब्रेड' हे वाक्य बरोबर आहे, यात वाद नाही. परंतु 'टू' दिसला की हेतूच असतो, असा उलटा अर्थ अनेकजण या कलमातून काढतात आणि तो टिकत नाही. 'ही लिव्ह्ड टू बी नाइन्टी' याचा अर्थ तो नव्वदीपर्यंत जगला एवढाच होतो. नव्वदी गाठणे हा त्याच्या जगण्याचा हेतू नव्हता. 'शी वोक अप टू फाइंड द हाउस एम्प्टी' यातही 'टू' पुढे काय घडले ते सांगतो. शिवाय हेतूच सांगणाऱ्या 'विथ अ व्ह्यू टू' या प्रयोगानंतर मूळ रूप न येता आयएनजी रूप येते: 'विथ अ व्ह्यू टू सेव्हिंग टाइम'. तिथला 'टू' शब्दयोगी असतो.

दुसरे कलम अर्धेच खरे आहे. माणूस एखादी कृती कशासाठी करतो हे सांगताना 'आय वेंट देअर फॉर बाइंग ब्रेड' ही रचना चुकते. परंतु वस्तूचा उपयोग सांगताना 'धिस नाइफ इज फॉर कटिंग ब्रेड' हेच स्वाभाविक इंग्रजी आहे. दोन्हीकडे मराठीत '-ण्यासाठी' येत असल्यामुळे हा भेद आपल्या नजरेतून निसटतो. 'ही वॉज फाइन्ड फॉर स्पीडिंग' यातला 'फॉर' तर घडून गेलेल्या गोष्टीचे कारण सांगतो, त्यामुळे तिथे 'टू' घालून दुरुस्ती करू जाणारा मूळचे बरोबर वाक्य बिघडवतो. जाता जाता एक नोंद: 1611 सालच्या इंग्रजी बायबलमध्ये 'व्हॉट वेंट यी आउट फॉर टू सी' अशी रचना आढळते, म्हणजे हेतू सांगताना 'फॉर' आणि 'टू' एकेकाळी जोडीनेही येत. प्रमाण इंग्रजीतून ती जोडी गेली, तरी काही बोलींत टिकून राहिली.

तिसऱ्या कलमाने लिखाणात प्रत्यक्ष चुका होतात. 'ही स्पोक सॉफ्टली नॉट टू वेक द चाइल्ड' हे वाक्य समजते, पण खटकते. इथे 'सो ॲज नॉट टू वेक' किंवा 'इन ऑर्डर नॉट टू वेक' हवे. नुसता 'नॉट टू' शोभतो तो विरोध दाखवताना, जसे 'आय केम नॉट टू आर्ग्यू बट टू लिसन'. 'बी केअरफुल नॉट टू फॉल' हेही बरोबर आहे, मात्र तिथे हेतू नसून 'केअरफुल'चा अर्थ पूर्ण केलेला आहे.

राहिले 'इन ऑर्डर टू'. अनेक वाक्यांत ते गाळले तरी काही बिघडत नाही, हे मान्य. परंतु 'द कमिटी अग्रीड टू सेव्ह टाइम' हे वाक्य पाहा. समितीने वेळ वाचवण्याचे मान्य केले, की वेळ वाचावा म्हणून दुसऱ्याच एखाद्या गोष्टीला मान्यता दिली? दुसरा अर्थ अभिप्रेत असेल तर 'इन ऑर्डर टू' घातल्याशिवाय तो स्पष्ट होत नाही. ज्याला पाल्हाळ म्हटले, तेच इथे अर्थ सांभाळते.

याउलट काही ठिकाणी ते चालतच नाही, आणि तिथेच या विषयातला खरा बारकावा आहे. 'आय बॉट अ बुक टू रीड' या वाक्यात 'रीड'चे कर्म आधी येऊन गेलेले 'बुक' हेच आहे, म्हणून 'रीड'नंतरची जागा रिकामी राहते. 'आय बॉट अ बुक इन ऑर्डर टू रीड' म्हटले की ती जागा भरून निघत नाही आणि वाक्य अर्धवट वाटते. 'टू रीड' वाक्याच्या आरंभी नेले तरी तीच गत होते. 'आय नीड अ पेन टू राइट विथ' यातला शेवटचा 'विथ' याच कारणाने लागतो: लिहायचे पेनाने असते, पेन लिहायचे नसते. वाचणारा वेगळा असेल, तर 'आय बॉट अ बुक फॉर हर टू रीड' असे म्हणावे लागते, आणि चारकलमी नियमाने संशयित ठरवलेला 'फॉर' तिथे कर्त्याची ओळख पटवण्यासाठी अनिवार्य होतो.