हैतीतली सहा घरं आणि व्हॉट्सॲपवरचा हिशेब

परदेशात कुठे मोठा भूकंप झाला की एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. शब्द थोडे बदलतात, सार तेच: 'हैतीत रेड क्रॉसने ५० कोटी डॉलर गोळा केले आणि बांधली फक्त सहा घरं. या संस्था पैसे खातात. द्यायचंच असेल तर कपडे, औषधं द्या, नाहीतर थेट पीडितांच्या खात्यात टाका. आणि मुळात तिथलं सरकार काय करतंय? आधी आपला शेतकरी बघा.' खाली हात जोडलेले आणि 'पुढे पाठवा'.

सहा घरांची गोष्ट बनावट नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करू. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सजवळ ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. अमेरिकन रेड क्रॉसकडे जवळजवळ ४८.८ कोटी डॉलर जमले. २०१५ मध्ये प्रोपब्लिका आणि एनपीआर या अमेरिकी वृत्तसंस्थांनी शोध घेतला, तेव्हा संस्थेने बांधलेली पक्की घरं निघाली सहा. पुढच्या वर्षी सिनेटर चक ग्रासली यांच्या अहवालातून कळलं की साधारण चौथा हिस्सा व्यवस्थापन, निधी उभारणी अशा अंतर्गत खर्चात गेला. संस्था मात्र डॉलरमागे ९१ सेंट हैतीसाठी असं सांगत आली होती. यावर पांघरूण घालायचं काही कारण नाही.

पण सहा घरं म्हणजे सहाच कामं नव्हेत. तंबू, पाणी, तात्पुरते निवारे, घरदुरुस्ती, कॉलराच्या साथीतली मदत, दुसऱ्या संस्थांना दिलेला निधी हे सगळं मजकुरातून गायब आहे. पक्की घरं अडली त्याचं एक मोठं कारण जमिनीच्या मालकीचा घोळ. सातबाऱ्यावर आठ वारसांची नावं असलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. दुसरं कारण संस्थेच्याच पदरात पडतं: फ्रेंच किंवा क्रेओल या तिथल्या भाषा न येणाऱ्या बाहेरच्या माणसांवर तिची भिस्त फार होती. आता त्याच हैतीत, त्याच काळात, पार्टनर्स इन हेल्थने काय केलं बघा. १९८० च्या दशकापासून तिथे असलेली, मुख्यतः हैतीच्याच डॉक्टर-नर्स-आरोग्यसेवकांवर चालणारी ही संस्था. भूकंपानंतर तिने मिर्बाले गावात सरकारच्या साथीने ३०० खाटांचं शिक्षण रुग्णालय उभारलं आणि ते २०१३ मध्ये सुरू झालं. तेव्हा 'हैतीत देणग्या वाया गेल्या' हे वाक्य कुणाच्या बाबतीत, एवढं तरी विचारायला हवं.

'संस्था पैसे खातात' याला आणखी एक उत्तर २००४ च्या त्सुनामीतलं. मेडिसां सां फ्रॉन्तिएर या डॉक्टरांच्या संस्थेने आठवडा-दीड आठवड्यातच जाहीर केलं, की त्सुनामीसाठी पुरेसे पैसे आले, आता याच कामासाठी देऊ नका. खाणारा माणूस ताट असं सरकवत नाही.

कपडे-औषधांचा सल्ला तर सरळसरळ घातक आहे. त्याच त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचेह प्रांतात सुमारे ४,००० टन औषधं येऊन पडली. कित्येक खोक्यांवरची भाषा तिथल्या डॉक्टरांना वाचता येईना, कित्येकांची मुदत संपलेली. शेकडो टन नष्ट करायची वेळ आली आणि त्याचा खर्च वेगळाच. २०१५ च्या नेपाळ भूकंपात काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळाला धावपट्टी एकच, तीही खराब होऊ लागल्याने मोठी विमानं बंद करावी लागली. अशा ठिकाणी आपल्या कपाटातल्या जुन्या साड्यांचं गाठोडं कुठल्या तरी शस्त्रक्रियेच्या सामानाची जागा अडवतं. पैसे पोचले तर ब्लँकेट जवळच्या बाजारात मिळतं, आणि तिथला दुकानदारही पुन्हा उभा राहतो.

'थेट पीडितांच्या खात्यात' हे ऐकायला छान. पण खातं पीडिताचंच आहे हे कोण सांगणार? फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कीच्या भूकंपानंतर ढिगाऱ्यातून मूल उचलून आणणाऱ्या अग्निशमन जवानाचं चित्र फिरलं, सोबत क्रिप्टो वॉलेटचा पत्ता. चित्र एआयने बनवलेलं होतं. जवानाच्या हाताला सहा बोटं होती.

तिथल्या सरकारचं म्हणाल, तर त्याच भूकंपात सीरियाचा वायव्य भाग सरकारच्या ताब्यातच नव्हता. संयुक्त राष्ट्रांना बाब अल-हवा ही एकच सीमाचौकी मंजूर होती आणि भूकंपानंतरचा पहिला ताफा ९ फेब्रुवारीला, म्हणजे तीन दिवसांनी आत गेला. तोवर ढिगारे उपसले ते मुख्यतः व्हाइट हेल्मेट्स या तिथल्या बचावसंस्थेच्या स्वयंसेवकांनी. आणि तुर्कीत? सरकारच्या जवळची किझिलाय, म्हणजे तिथली रेड क्रेसेंट, हिने लोक थंडीत कुडकुडत असताना २,०५० तंबू आहबाप या दुसऱ्या मदतसंस्थेला ४.६ कोटी लिराला चक्क विकले. तुर्की पत्रकारांनी ते उघड केलं, मे महिन्यात किझिलायच्या अध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं. (मजकूर लिहिणाऱ्याला हे कसं सापडलं नाही कोण जाणे, हैतीपेक्षा ताजं उदाहरण होतं.) पण तंबू विकत घेऊन ते बेघरांपर्यंत नेणारीही देणग्यांवर चालणारी संस्थाच होती.

राहिला आपला शेतकरी. नेपाळला पाचशे रुपये दिले म्हणून मराठवाड्याचे पाचशे कापले जात नाहीत. मजकूर पुढे ढकलणाऱ्याने ते पाचशे मराठवाड्याला दिले असतील, तर वाद मिटला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या पुनर्वसनाला जागतिक बँकेने कर्ज दिलं, तेव्हा पैसा कुठून आला हे आपण विचारत बसलो नव्हतो.

खरी अडचण मजकुरात नाहीच. परदेशी संस्थेला बँकेतून, रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली (एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवायची मुभा) देणगी पाठवता येते, पण त्यावर देणगीची आयकर सवलत मिळत नाही. भारतात नोंदलेल्या न्यासालाही परदेशात खर्च करताना आयकराच्या अटी आड येतात. म्हणून 'नेपाळसाठी' म्हणून पावती फाडणाऱ्या इथल्या संस्थेला आधी विचारा: पैसे सीमेपलीकडे कसे जाणार, तिथे कुणाच्या हातात पडणार, आणि तो हात भूकंपाच्या आधीपासून तिथे होता का?