पित्त म्हणजे नेमकं कोणतं?

ॲसिडिटीबद्दलचा एक लेख वाचला. लेख उपयोगी आहे, पण त्यात ॲसिडिटीला सरसकट 'पित्त' म्हटलंय तिथे अडखळले. आपल्याकडे छातीत जळजळलं तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त! डॉक्टरांचं पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा, पित्ताशयात साठणारा हिरवट-पिवळा रस. तो चरबी पचवायला मदत करतो. जळजळ होते ती जठरातल्या आम्लाने. माझ्या आईला उजव्या बरगडीखाली दुखायचं, तळलेलं खाल्लं की जास्तच. "पित्त झालंय गं" म्हणत ती वर्षभर कोकम सरबत आणि आवळा सुपारीवर राहिली. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. अशा दुखण्यासोबत ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले तर कृपया घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नका.