काजूचं टरफल कुठल्या खात्यात? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कोकणातल्या शहरांच्या कचऱ्याच्या माझ्या तक्त्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, तुमच्या शहराचा दरडोई कचरा मी फुगवून दाखवला. दोन, कोकणातल्या टीचभर शहरांना ही आकडेमोड हवीच कशाला. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याने कचरा हटवला तो राबून, तक्ते भरून नव्हे, असं तुमचं म्हणणं.

पहिला आक्षेप शंभर टक्के मान्य. मी वजन घेतलं गणपतीतलं आणि भागलं 2011 च्या जनगणनेने. चाकरमानी आले की चार माणसांच्या घरात पंधरा पानं वाढली जातात, हे मला कळायला हवं होतं. त्यात पाऊस. ओल्या कचऱ्यात 60 टक्के पाणी असेल, तर 100 किलोत ऐवज 40 किलो. तोच भिजून पाणी 75 टक्क्यांवर गेलं की काटा 160 किलो दाखवतो. तो तक्ता मी काढून टाकलाय.

दुसरं मात्र पटत नाही. वेंगुर्ल्यात कचरा वीसहून जास्त प्रकारांत वेगळा केला गेला, आणि माझ्या मते ती मोजणीच होती. कशाला गिऱ्हाईक आहे नि काय पडून राहतं, हे वेगळं केल्याशिवाय कळत नाही.

तुम्ही भावाच्या काजू कारखान्याचा उल्लेख केलात, म्हणून तिथलंच सांगतो. काजूबीच्या वजनात गर पाव भागाच्या आसपास, बाकी बहुतेक टरफल. त्याचं तेल कातडी सोलून काढतं. बी फोडणाऱ्या बायका हाताला राख लावून बसतात ती त्यासाठीच. हेच तेल रंगात आणि ब्रेकच्या लायनिंगमध्ये जातं. आता एका कारखान्याने टरफल तेलासाठी विकलं आणि दुसऱ्याने सरळ भट्टीत घातलं, तर घंटागाडीत दोघांचंही काहीच पडत नाही. कचऱ्याच्या वहीत दोघे सारखेच. पण एकाला पैसे मिळाले, दुसऱ्याच्या शेजाऱ्यांना धूर. म्हणून मी म्हणतो, टनभर मालामागे कमाई किती आणि हवेत-पाण्यात काय गेलं, हे शेजारी शेजारी लिहा. बोंडू, म्हणजे काजूचं रसाळ फळ, तर शहराच्या हद्दीतही येत नाही, बागेतच सडतो. पलीकडे गोव्यात त्याचीच फेणी होते.

भावाला एक विचाराल का? या हंगामात बी किती आली, गर किती गेला, टरफल कुणी नेलं आणि काय भावाने. कारखान्याचं नाव न घालता नव्या तक्त्याची पहिली ओळ त्याचीच घेईन.