थांबा, पृथ्वी फिरतेय

आमच्या सोसायटीत कुठलाही कार्यक्रम ठरतो तो कुणाची तरी जीभ घसरल्यामुळे. या वेळी घसरलेली जीभ माझी होती. जानेवारीच्या मीटिंगमध्ये चहा येईपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून मी सांगत होतो, की मागच्या विज्ञान दिनाला आम्ही नारायणगावजवळ खोडदला जाऊन आलो. तिथे शेतांच्या मधोमध रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या अँटेना उभ्या आहेत, एकूण ३०. एवढंच बोललो. सेक्रेटरी म्हणाले, "वा! म्हणजे तुम्हाला यातलं कळतं."

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या खतावण्या तपासल्या. पण चारचौघांत "तुम्हाला कळतं" असं कुणी म्हटल्यावर "नाही हो" म्हणायला फार मोठं मन लागतं. ते माझ्यापाशी निघालं नाही. इतिवृत्तात नोंद झाली: २८ फेब्रुवारी, सोसायटीत विज्ञान दिन, जबाबदारी माझी, बजेट पोह्यांसह दोन हजार.

रामन यांना त्यांचा परिणाम १९२८ साली याच तारखेला सापडला आणि १९८७पासून आपण त्याचा दिवस पाळतो, हे मला माहीत होतं. पण तो परिणाम दोन हजारांत, पोह्यांसह, दाखवता येत नाही. मग मला आयुकातला, म्हणजे पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेतला, फूकोचा लंबक आठवला. आमच्या चार मजली इमारतीला लिफ्ट नाही. त्यामुळे जिन्याच्या मधे वरपासून खालपर्यंत चार फूट बाय चार फुटांची पोकळी आहे, आणि माथ्यावर पूर्वी कपाटं वर ओढून घ्यायला लावलेली जाडजूड लोखंडी कडी. फूकोनं १८५१ साली पॅरिसमध्ये ६७ मीटर तारेला २८ किलोचा गोळा टांगून पृथ्वी फिरते हे लोकांना दाखवलं. माझ्याकडे १२ मीटर जिना होता आणि ऑइलपेंटचा चार लिटरचा रिकामा डबा. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगमधून उरलेलं सिमेंट त्यात ओतलं. बुडाला मधोमध एक खिळा बसवला.

पहिल्या दिवशी डबा कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीला टांगला. दोरीनं आपला पीळ सोडायला सुरुवात केली आणि डबा स्वतःभोवती गरगरत, लंबगोल फेऱ्या मारत, कठड्याला टोले देऊ लागला. पृथ्वी अशी फिरत असती तर आपण कुणीच शिल्लक नसतो. मग बोहरी आळी गाठली. दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "तार कशाला हवी?"

"पृथ्वी फिरते हे दाखवायला."

"एक एमेम की दोन?"

इतका समंजस माणूस मला त्या महिन्यात दुसरा भेटला नाही. इलेक्ट्रिशियननं ड्रिलच्या जुन्या चकमध्ये तारेचं टोक पकडून ते कडीला बसवून दिलं. तार वर एका बाजूला जरी जास्त आवळली गेली, तरी लंबक तिकडचा कल घेतो आणि पृथ्वीऐवजी आपलंच काम उघडं पाडतो.

या लंबकाला हातानं ढकलायचं नसतं. हाताचा आडवा धक्का बसतोच. म्हणून डबा सुती दोऱ्यानं एका बाजूला ओढून कठड्याला बांधायचा, पूर्ण स्थिर होऊ द्यायचा आणि दोरा जाळायचा. मी उदबत्ती पेटवली मात्र, तळमजल्यावरच्या आजी हळदकुंकवाचा करंडा घेऊन हजर झाल्या. म्हटलं, आजी, हा प्रयोग आहे. "असू दे की. उदबत्ती लावलीस ना?" त्यांनी डब्याला बोट लावलं. डबा डुलला. तो पुन्हा स्थिर व्हायला वीस मिनिटं गेली आणि तेवढ्यात पोहे संपले.

अखेर साडेदहाला दोरा जळला आणि डबा सुटला. खरं सांगतो, तो क्षण फार देखणा होता. एका झोक्याला सात सेकंद. आवाज नाही, घाई नाही. नऊ किलो सिमेंट असं सावकाश, घरंदाज चालीनं जाऊन येतं हे मला माहीत नव्हतं. त्याच्या दिशेनं मी फरशीवर खडूनं रेघ मारली आणि चाळीसेक माणसांना उद्देशून म्हणालो, "आता बघा. डबा आपली दिशा सोडणार नाही. त्याच्या खालची जमीन वळणार."

चाळीस जणांनी बघितलं. दोन मिनिटं.

"कधी वळणार?"

इथे मला खरं बोलावं लागलं. ध्रुवावर हा लंबक २४ तासांत पूर्ण फेरी मारतो, विषुववृत्तावर अजिबात नाही. पुणं साडेअठरा अक्षांशांवर, म्हणजे आपल्याकडे एका फेरीला ७५ तासांहून जास्त लागतात. तासाला पावणेपाच अंश. दीड फुटावर मोजलं तर तासाला दीड इंच.

"आणि पॅरिसला?"

"बत्तीस तास."

"म्हणजे यातही आपण मागेच," असं म्हणून निम्मे लोक घरी गेले.

'प्रश्न विचारा' असा मी मोठा फलक लावला होता. पुण्यात हा फलक लावणं व्यर्थ आहे. लोक प्रश्न विचारायला येत नाहीत, उत्तरं द्यायला येतात. एक जण म्हणाले, वारा आहे. एक म्हणाले, तारेचा पीळ. तिसरे म्हणाले, "यात नवीन काय? आर्यभटानं हे कधीच सांगितलंय." त्यांच्याशी वाद घालायची सोय नव्हती, कारण त्यांचं बरोबर होतं. पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर गोष्टी मागे जाताना दिसतात, तसेच तारे पश्चिमेला जाताना दिसतात, हे आर्यभटानं १५०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. फूकोची करामत इतकीच, की त्यानं आकाशाकडे न बघता, चार भिंतींच्या आत, तेच दाखवलं. हे मी सांगेपर्यंत ते जिन्याच्या दुसऱ्या वळणावर पोचले होते.

पुढचा पाऊण तास मी एका सिमेंटच्या डब्याचा रखवालदार होतो. पार्सल द्यायला आलेल्या मुलाला हात आडवा करून म्हणालो, "थांबा, पृथ्वी फिरतेय." तो म्हणाला, "फिरू दे. ओटीपी सांगा."

सगळे गेले तरी एक माणूस हलला नाही. दुसऱ्या मजल्यावरचे आप्पा. आप्पांचं वय ८१. बिल्डरनं इमारतीचा पाया कच्चा भरलाय, हे ते पझेशन मिळाल्यापासून, म्हणजे १९८६पासून, प्रत्येक सर्वसाधारण सभेत सांगत आलेत. त्यांच्या बेडरूममधल्या भेगेचे वर्षवार फोटो त्यांच्याकडे आहेत. ते घरून खुर्ची घेऊन आले होते आणि मला रंगेहाथ पकडायच्या तयारीनं खडूच्या रेघेवर नजर रोखून बसले होते. मधे मी पाणी प्यायला उठलो तर म्हणाले, "डब्याला हात लावायचा नाही."

झोका आता वीतभर उरला होता. म्युझियममधल्या लंबकांना वेळोवेळी बळ द्यायला विद्युतचुंबक लपवलेला असतो, माझ्याकडे करंड्यातलं हळदकुंकूच काय ते होतं. पण खिळा रेघेवरून जात नव्हता. स्पष्ट दिसत होतं. रेघ एकीकडे, खिळा दुसरीकडे.

आप्पांनी नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक मागवला. गुडघे धरत खाली वाकले. डबा चार वेळा त्यांच्या नाकासमोरून गेला.

"किती वेळ झाला?"

"एक तास दहा मिनिटं."

"पाच आणि सहाच्या मधे."

माझा कंठ दाटून आला. हिशोबानं साडेपाच यायला हवे होते. मी त्यांचा हातच धरला.

"म्हणजे डब्यानं दिशा सोडली नाही," आप्पा म्हणाले.

"नाही सोडली."

"वळली ती बिल्डिंग."

"हो. म्हणजे बिल्डिंगच नव्हे, सगळं पुणंच, आप्पा, सगळी..."

"पुण्याचं राहू दे. बिल्डिंग वळली. तासाभरात. तुझ्यादेखत." ते कठड्याला हात न लावता ताठ उभे राहिले. "एकोणचाळीस वर्षं सांगतोय मी यांना."

काल सर्वसाधारण सभेची नोटीस आली. विषय क्रमांक सात: इमारत फिरत असल्याबाबत श्री. आप्पा यांचा अर्ज, सोबत मोजमाप. तांत्रिक साक्षीदार म्हणून खाली माझं नाव आहे.