टाइमशीटमधे रोज आठच तास कसे काय भरतात?

अप्रेझलचा, म्हणजे वर्षभराचं काम बघून रेटिंग आणि पगारवाढ (हाइक) ठरवायचा सीझन आलाय त्यामुळे फीडवर परत तेच सुरू झालंय. एक गट म्हणतो ट्रॅकिंग म्हणजे निव्वळ गुलामगिरी, दुसरा म्हणतो लक्ष ठेवलं नाही तर कोणी काम करत नाही. मी पुण्यात हिंजवडीला आयटीत बरीच वर्षं प्रोजेक्ट मॅनेजर आहे, म्हणजे दोन्ही बाजूंनी ज्यांना शिव्या पडतात त्या जमातीतली. माझं मत कुठल्याच गटाला आवडणार नाही, तरी लिहिते.

नोंद ठेवायलाच पाहिजे. त्याशिवाय दहा माणसांची टीम सुद्धा धड चालत नाही. पण काम कुठे अडलंय हे बघायला म्हणून ठेवलेली नोंद जर एप्रिलमधे हाइक ठरवायला बाहेर काढली, तर त्याच दिवसापासून ती खोटी व्हायला लागते. लोक लबाड असतात म्हणून नाही हो, घरचा ईएमआय त्या आकड्याला बांधला गेला की कोणीही तेच करेल, तुम्ही पण आणि मी पण.

टाइमशीटच घ्या, म्हणजे कुठल्या कामाला किती तास गेले ते रोज भरायचा तक्ता. आयटीतल्या कुठल्याही माणसाला विचारा, रोज आठ तास, आठवड्याचे चाळीस, वर्षभर. खरंच कोणाचं काम रोज बरोबर आठ तासात बसतं का? क्लायंट तासावर पैसे देत असेल तर टाइमशीट म्हणजे अर्धं बिलच असतं, त्यामुळे तिथे आठ लिहावेच लागतात, कमी लिहिले तर अकाउंट मॅनेजरचा फोन येतो. आणि प्रोजेक्ट फिक्स्ड प्राइसचा, म्हणजे रक्कम आधीच ठरलेला असेल तर गंमत उलटी, तिथे माणूस रात्री अकरापर्यंत बसला तरी आठच लिहितो कारण जास्त लिहिले तर प्रोजेक्ट रेडमधे, म्हणजे धोक्याच्या यादीत जातो आणि मग तुझं एस्टिमेट (तासांचा अंदाज) का चुकलं म्हणून सगळ्यांसमोर मीटिंग. म्हणजे काम सहा तासाचं असो का तेराचं, कागदावर आठच.

आता याचा खरा तोटा कोणाला होतो? पुढच्या प्रोजेक्टला. कारण पुढचं एस्टिमेट करताना आपण मागचा डेटा काढतो, तो म्हणतो हे मोड्यूल चाळीस तासात झालं होतं, प्रत्यक्षात ते पासष्टमधे झालेलं असतं पण वरचे पंचवीस कुठे लिहिलेलेच नाहीत. मग सेल्सवाले चाळीस धरून बोली लावतात आणि नवीन टीम पहिल्या दिवसापासून मागे. असं वर्षानुवर्षं चालतं आणि सगळे म्हणतात आपली एस्टिमेशनची प्रोसेस वीक आहे, ट्रेनिंग घ्या. अरे प्रोसेस बरोबर आहे, डेटा कोणी खरा लिहू दिला का?

सपोर्ट प्रोजेक्टवर काम केलेल्यांना पुढचं वाचून हसू येईल. तिकीट, म्हणजे यूजरने नोंदवलेली तक्रार, अमुक तासात सुटलं पाहिजे असा एसएलए, म्हणजे क्लायंटशी करार असतो. घड्याळ लाल व्हायला आलं की माणूस काय करतो, यूजरला एक प्रश्न पाठवतो, "कृपया स्क्रीनशॉट पाठवा", आणि स्टेटस लावतो पेंडिंग विथ यूजर. घड्याळ थांबलं. स्क्रीनशॉट आधीच जोडलेला असतो ही गोष्ट वेगळी. किंवा तिकीट बंद करून टाकायचं आणि यूजरला सांगायचं नवीन टाका, म्हणजे दोन तिकिटं सुटलेली दिसतात. महिनाअखेर रिपोर्ट एकदम हिरवागार आणि क्लायंट चिडलेला, आणि वरचे लोक चक्रावतात की आकडे इतके चांगले असताना हा चिडला का. स्टोरी पॉइंटचं, म्हणजे काम किती मोठं यासाठी टीम जे गुण देते त्यांचं, तर सांगतच नाही. दोन टीमच्या वेलॉसिटीची, म्हणजे ठरावीक काळात किती पॉइंट झाले याची तुलना सुरू झाली की कालचं तीन पॉइंटचं काम आज पाचचं होतं, कोणी ठरवून करत नाही, आपोआप होतं.

आमच्या घरात यावरून वाद होतात कारण नवरा चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत प्रॉडक्शनला आहे. त्याचं म्हणणं तुम्हा आयटीवाल्यांना मोजताच येत नाही, आमच्याकडे बघ, जॉब, म्हणजे मशीनवरचा नग, बाहेर पडला की पडला. पण खोदून विचारलं की तोच सांगतो. मशीनचा ओईई काढतात, म्हणजे मशीन किती वेळ चालू होतं, किती वेगाने चाललं आणि किती माल चांगला निघाला या तिन्हीचा गुणाकार, तिन्ही ९० टक्के असले तरी उत्तर ७३च्या आसपास येतं, त्यामुळे लपवाछपवी पटकन उघडी पडायला पाहिजे. तरी त्याच्या जुन्या कंपनीत ऑपरेटरचा इन्सेन्टिव्ह नगावर होता. मग काय, सेन्सर त्रास देतोय म्हणून मशीन पंधरा मिनिटं बंद पडलं तर ते शीटवर ब्रेकडाउन म्हणून यायचंच नाही, टूल चेंजमधे, म्हणजे मशीनचं टूल बदलायच्या वेळेत जिरवायचे. ब्रेकडाउन लिहिलं की मेंटेनन्सवाला येणार, मशीन आणखी अर्धा तास अडवणार, आणि नग कमी पडणार. सगळे मिळून गप्प. शेवटी एक दिवस सेन्सरने अशी काही वाट लावली की पूर्ण लॉट रिवर्कला.

आत्ता आहे तिथे लाइनच्या शेवटी बोर्ड आहे, दर तासाचं टार्गेट, प्रत्यक्ष किती आणि कमी पडलं तर का. ते "का" ऑपरेटर स्वतः मार्करने लिहितो. त्या बोर्डाचा पगाराशी संबंध नाही हे पहिल्यांदा कोणाला खरं वाटलं नव्हतं म्हणे, बरेच महिने लोक "ओके" एवढंच लिहायचे. मग कोणीतरी "ट्रॉली वेळेवर येत नाही" लिहिलं आणि खरंच ट्रॉलीवाल्याचा राउंड बदलला. त्यानंतर बोर्ड भरायला लागला. हे जपान्यांकडून आलेलं आहे, टोयोटामधे लाइनवरचा कामगार दोरी ओढून अडचण कळवतो आणि ती वेळेत सुटली नाही तर लाइन थांबते, आणि थांबवल्याबद्दल त्याला बोलणी बसत नाहीत, त्याच्यापर्यंत लोक धावत येतात. आपल्याकडे बोर्ड आणला, मार्कर आणला, पण बोलणी न बसण्याचा भाग बहुतेक ठिकाणी कस्टम्समधे अडकला.

आता बेल कर्व्ह, म्हणजे किती जण वर, किती मधे आणि किती खाली हे आधीच ठरवून लोकांना त्यात बसवायचं. जीई या अमेरिकन कंपनीचे जॅक वेल्च १९८१ ते २००१ प्रमुख होते, त्यांनी २०-७०-१० ही वाटणी जगभर फेमस केली, वरच्या वीसला बक्षीस, खालच्या दहाला नारळ. मायक्रोसॉफ्टमधे असंच रँकिंग वर्षानुवर्षं चाललं आणि २०१३च्या नोव्हेंबरमधे त्यांनी ते बंद केलं. डेलॉइट या सल्लागार कंपनीने २०१५ला हिशोब मांडला की फॉर्म, मीटिंगा आणि रेटिंग ठरवणं यातच कंपनीचे वर्षाला जवळजवळ २० लाख तास जातात, आणि त्यातला बराचसा वेळ माणसाशी बोलण्यात नाही तर त्याच्याबद्दल बंद खोलीत बोलण्यात. मी अशा नॉर्मलायझेशन, म्हणजे रेटिंग त्या वाटणीत बसवायच्या मीटिंगांना बसलेली आहे. सहा मॅनेजर, एक एक्सेल, आणि "तुझ्याकडे चार वरच्या बँडमधे आहेत, एक खाली आण". कोणाला आणायचं? तर ज्याच्या घरी बाळ झालंय आणि जो दोन महिने सुट्टीवर होता, किंवा जी पुढे नोकरी सोडेल असा अंदाज आहे. आणि मग त्या निर्णयाला पुरावा म्हणून टाइमशीट आणि तिकिटांचे आकडे शोधले जातात. आधी निकाल, नंतर आकडे, असा तो क्रम. आठ जणांच्या टीममधे आठही जण चांगले असू शकतात ही शक्यताच त्या एक्सेलला मान्य नाही.

वर्क फ्रॉम होमनंतर अजून एक फॅड आलं, चॅटवर नावापाशी दिसणारा, माणूस जागेवर आहे असं सांगणारा हिरवा ठिपका. माऊस हलला नाही की ठिपका पिवळा. मग बाजारात माऊस हलवणारी यंत्रं आली. २०२४मधे अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेने डझनभराहून जास्त लोकांना काढलं, कारण काय तर कीबोर्ड चालू असल्याचा आभास निर्माण केला. लोकांनी त्या लोकांना नावं ठेवली. मला प्रश्न पडला की कीबोर्ड हलतोय यावरून ज्या मॅनेजरांना काम चाललंय असं वाटत होतं त्यांचं काय झालं? त्यांना आठवडाभर त्या माणसाचं काम आलं का नाही हे कळत नव्हतं?

फ्रान्समधलं उदाहरण अजून बोलकं आहे. तिथल्या डेटा संरक्षण संस्थेने ॲमेझॉनच्या गोदामांच्या कंपनीला ३.२ कोटी युरोचा दंड केला, निर्णय २०२३च्या डिसेंबरचा. गोदामातल्या स्कॅनरवरून दहा मिनिटांच्या वर काम थांबलं तर नोंद व्हायची, आणि एक वस्तू स्कॅन केल्यावर सव्वा सेकंदाच्या आत दुसरी केली तरी चूक म्हणून नोंद. म्हणजे हळू गेलात तरी मार्क, भरभर गेलात तरी मार्क. आणि मायक्रोसॉफ्टने २०२०मधे प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर नावाचं टूल आणलं त्यात माणसागणिक नावं दिसत होती, इतका गदारोळ झाला की थोड्याच दिवसात नावं काढून टाकली आणि फक्त पूर्ण संस्थेचा आकडा ठेवला. डेटा तोच. नाव लागलं की हत्यार, नाव काढलं की उपयोगाचा.

हे फक्त एसी ऑफिसातलं आहे असं समजू नका. रोजगार हमी आपल्याच राज्याची देणगी, १९७७चा कायदा, पुढे तीच कल्पना मनरेगा म्हणून देशभर गेली. त्यात २०२३च्या जानेवारीपासून मोबाईल ॲपवर दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो टाकणं सक्तीचं केलं, भ्रष्टाचार थांबावा म्हणून. फोटो नाही तर हजेरी नाही, हजेरी नाही तर मजुरी नाही. आणि २०२५च्या जुलैमधे खुद्द केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच पत्रक काढावं लागलं की लोक भलतेच फोटो टाकतात, फोटोचाच फोटो काढून टाकतात. उपाय काय सांगितला, तर ग्रामपंचायतीने सगळे फोटो तपासावेत. आता बंधारा किती बांधला, पाणी अडलं का, हे बघायला कोण जाणार? तो माणूस फोटो तपासत बसलाय.

"मग ताई रेटिंग द्यायचं कशावर?" हा प्रश्न कमेंटमधे येणारच, म्हणून आधीच लिहिते. माझ्याकडे दोन वेगळ्या वह्या आहेत, म्हणजे एक शीट आणि एक खरीखुरी वही. शीट टीमची. कोण काय करतंय, कुठे अडलंय, कोणासाठी अडलंय. त्यात तास खरे लिहायचे, तेरा लागले तर तेरा. ती शीट मी वर पाठवत नाही, वर पाठवायचं ते बेरीज करून, नावं काढून. क्लायंटची टाइमशीट वेगळी भरली जाते, तो पूर्ण वेगळा विषय. सुरुवातीला कोणी विश्वास ठेवत नाही, चाकणच्या बोर्डासारखंच, पण एका अप्रेझलमधे त्या शीटमधला एकही आकडा तुमच्याविरुद्ध आला नाही हे दिसलं की लोक लिहायला लागतात.

वही माझी. त्यात प्रत्येकाबद्दल वर्षभर चार-चार ओळी, तारखेसकट. "लाइव्ह सिस्टिम पडली तेव्हा रात्री न सांगता लॉगिन केलं." "रिव्ह्यूत ज्युनियरला सगळ्यांसमोर झापलं, बोलले, ऐकून घेतलं." "तीनदा सांगून पण टेस्ट केसेस लिहिल्या नाहीत." हे लिहिलं नाही तर मार्चमधे मला फक्त फेब्रुवारी आठवतो. आणि वहीतलं त्या माणसाला त्याच आठवड्यात सांगितलेलं असलंच पाहिजे, अप्रेझलला पहिल्यांदा ऐकवलं तर ते माझं अपयश. डेलॉइटने त्यांच्या टीम लीडरना विचारायला जे प्रश्न काढले त्यातला एक मला फार आवडतो, साधारण असा की हे पैसे तुमचे स्वतःचे असते तर या माणसाला जास्तीत जास्त वाढ दिली असती का? माणूस कसा आहे असं विचारलं की मॅनेजर गोलगोल बोलतो, स्वतःच्या खिशाचं विचारलं की लगेच उत्तर येतं.

यात माझं मत, माझा पक्षपात येणार का? येणार. पण तो दिसतो, त्यावर माझ्याशी भांडता येतं. डॅशबोर्डमधला, म्हणजे स्क्रीनवरच्या आकड्यांमधला पक्षपात तसाच असतो, फक्त भांडायला समोर कोणी नसतं.

आणि कामचुकार असतात हो, नाही कशाला म्हणू. पण मला आजवर एकही कामचुकार सॉफ्टवेअरमुळे सापडला नाही. तो टीमला केव्हाच माहीत असतो, त्याची कामं शेजारचा करत असतो, स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगला, त्याचं "कालचंच कंटिन्यू करतोय" तिसऱ्या दिवशी कानाला कळतं. माहीत नसतं ते फक्त मॅनेजरला, कारण तो डॅशबोर्ड बघत असतो. उलट सगळ्यात हुशार कामचुकाराचे आकडे सगळ्यात सुंदर असतात, त्याला तेवढंच तर काम असतं!

छोट्या धंदेवाल्यांचं पण सांगते, ओळखीतले एक जण आहेत, कोल्हापूरकडे, वॉटर प्युरिफायर सर्व्हिसिंगचा व्यवसाय, दहा-बारा पोरं बाईकवर फिरतात. यांनी सगळ्यांचं लाइव्ह लोकेशन सुरू केलं, कारण एकदम बरोबर होतं, नवीन कॉल आला की जवळ कोण आहे ते बघून त्याला पाठवायचं. पोरांना पण आवडलं, उगाच या टोकावरून त्या टोकाला हेलपाटे बंद, पेट्रोल वाचलं. मस्त चाललं होतं. मग एका दुपारी यांनी एकाला फोन लावला, "पाऊण तास झाला त्या टपरीवर काय करतोयस रे?" झालं. पुढच्या आठवड्यापासून जेवणाच्या वेळेला निम्म्या पोरांच्या फोनची बॅटरी संपायला लागली, आणि जवळ कोण आहे हे परत फोन करून विचारावं लागायला लागलं. मी म्हणलं दादा, त्या पोराला सॉरी म्हणा आणि टपरीचा विषय सोडा. त्यांनी ऐकून घेतलं, आणि परवा मेसेज आलाय, फोनची बॅटरी संपली तरी चालेल असं बाईकला लावायचं काही मिळतं का.