भिंतीतून हात आरपार जाणार नाही: माझ्याच पोस्टबद्दल खुलासा

"अणू ९९.९९ टक्के रिकामा असतो, म्हणून भिंतीवर हात आपटत राहिलात तर कधीतरी तो आरपार जाईल" असा मेसेज फिरतोय. मागच्या आठवड्यात मीही तो शेअर केला होता. तो दिशाभूल करणारा आहे, म्हणून पोस्ट काढून टाकली.

रदरफोर्डने १९११ मध्ये दाखवलं की अणूचं केंद्रक अगदी इवलंसं असतं. ते खरंच आहे. पण उरलेली जागा ओसाड नसते, तिथे इलेक्ट्रॉनांचा ढग असतो. आणि भौतिकशास्त्रज्ञ पाउलीच्या १९२५ च्या नियमानुसार दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. बोट टेबलावर दाबून बघा. पेर पांढरं पडतं, टेबल हलत नाही. दोन्हींकडचे ढग एकमेकांत शिरायला तयार नसतात. डायसन आणि लेनार्ड या भौतिकशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये पदार्थाचं टिकून राहणं या नियमावरच उभं असल्याचं गणिताने सिद्ध केलं.

टनेलिंग, म्हणजे पुरेशी ऊर्जा नसतानाही कणाने अडथळ्यापलीकडे निघणं, खरंच होतं, पण इलेक्ट्रॉन, अल्फा कण (हेलियमचं केंद्रक) अशा इवल्या कणांच्या बाबतीत. वस्तुमान आणि अडथळ्याची जाडी वाढली की शक्यता भराभर घसरते. अख्ख्या हातासाठी विश्वाची १३.८ अब्ज वर्षंही पासंगाला पुरत नाहीत.

घन पदार्थात घन पदार्थ शिरतो तो असा: धातुशास्त्रज्ञ रॉबर्ट्स-ऑस्टिन यांनी १८९६ मध्ये घन शिशात सोनं मुरताना मोजलं. पण एकेक अणू सरकत, तेही अतिशय हळू. (मला तर मेसेजपेक्षा हेच भारी वाटतं.)

माझी जुनी पोस्ट पुढे पाठवली असेल तर कृपया डिलीट करा आणि तिथे हा खुलासा टाका.