स्कॅरॅब हे केवळ धनिकपुत्राचे खेळणे होते काय?

‘वडिलोपार्जित पैसा उधळून एका श्रीमंत पोराने शर्यतीची गाडी बनवली, ती कधीच जिंकली नाही, आणि अखेर करखात्याने कारखान्याला टाळे लावले,’ अशी स्कॅरॅब या अमेरिकी गाडीची कहाणी मोटारशर्यतींच्या चाहत्यांत वारंवार सांगितली जाते. तिच्यातले एकेक विधान तपासून पाहावे असे आहे.

पैसा लान्स रेव्हेंटलोचा होता, हे खरे. (तो वडिलोपार्जित नव्हे, आजोळचा, त्याची आई बार्बरा हटन ही वुलवर्थ घराण्याची वारस.) परंतु १९५७ मध्ये काम सुरू झाले तेव्हा सांगाडा ट्राउटमन आणि बार्न्स या कसलेल्या कारागिरांनी घडवला, तर यंत्रकामाला फिल रेमिंग्टनसारखा जाणकार होता. हौशी माणूस पैसे मोजतो. योग्य माणसे हेरण्यासाठी मात्र नजर लागते.

‘कधीच जिंकली नाही’ हे तर सरळ चूक आहे. १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथील मोठ्या शर्यतीत चक डे याने शेव्हरोले व्ही-८ इंजिनाच्या स्कॅरॅबमधून फिल हिलच्या फेरारीशी झुंज देत पहिला क्रमांक पटकावला. हिलच्या गाडीला इंधनपुरवठ्याने दगा दिला हे मान्य केले, तरी तोवर ती गाडी स्कॅरॅबला मागे टाकून निघून गेली नव्हती. युरोपात हे यश दिसले नाही, कारण अशा गाड्यांच्या जागतिक स्पर्धेत त्याच वर्षी इंजिनावर तीन लिटरची मर्यादा आली होती आणि स्कॅरॅबचे इंजिन साडेपाच लिटरच्या आसपास होते.

फॉर्म्युला वनमधले अपयश मात्र झाकण्यासारखे नाही. त्यासाठीच्या वेगळ्या स्कॅरॅबमध्ये लिओ गूसनने आखलेल्या इंजिनात झडपा मिटवण्याचे काम स्प्रिंगऐवजी दुसऱ्या कॅमकडे (झडपा हलवणाऱ्या फिरत्या उंचवट्याकडे) सोपवले होते; ही रचना नाजूक आणि वेळखाऊ ठरली. त्याहून घातक म्हणजे इंजिन चालकापुढे होते, आणि १९५९ चे विजेतेपद कूपर या ब्रिटिश संघाने इंजिन मागे ठेवून आधीच जिंकले होते. १९६० मध्ये मोनॅकोला स्टर्लिंग मॉस या अव्वल ब्रिटिश चालकाने सरावात स्कॅरॅब चालवून पाहिली. त्यालाही ती पात्रतेच्या वेळेपर्यंत नेता आली नाही. तेव्हा दोष रेव्हेंटलोच्या चालकीवर ढकलता येत नाही. गाडीच दोन वर्षे उशिरा आली होती. वर्षअखेरीस रिव्हरसाइडला डे दहावा आला, एवढेच.

करखात्याविषयीचा मुद्दा निम्मा खरा आहे. सलग पाच वर्षे मोठा तोटा दाखवणाऱ्या उद्योगाकडे ते छंद म्हणून पाहत असे, म्हणजे तो तोटा करातून वजा करू देत नसे, आणि १९६२ मध्ये कारखाना मिटला त्यामागे हे कारण होतेच. पण ‘टाळे’ हा शब्द चुकीचा आहे. कॅलिफोर्नियातल्या व्हेनिसमधली ती जागा शर्यतचालकाचा गाडीनिर्माता झालेल्या कॅरोल शेल्बीने भाड्याने घेतली, रेमिंग्टनही त्याच्याकडे गेला, आणि कोब्रा गाड्या तिथेच बनू लागल्या.